वासाचा रकाना

शुक्रवारी अधिकारी तेलाच्या खोलीला सील ठोकून गेले आणि रविवारी सकाळी दहा वाजता घरातले सगळे शेजारच्या खोलीत, बाटल्या भरायच्या लांब टेबलाशी जमले. या टेबलाशी एरवी कुणी बसत नसे. काम उभं राहूनच करायचं, बसलं की हात आळसावतात, हा सासूबाईंचा नियम. त्यामुळे खुर्च्या वरच्या मजल्यावरून आणाव्या लागल्या. चार सापडल्या, माणसं पाच. थोरली उभी राहिली आणि कुणाला त्यात काही वावगंही वाटलं नाही.

थोरली म्हणजे थोरली सून. धाकट्या दिराने लग्नच केलं नाही, त्यामुळे घरात दुसरी सून काही आली नाही. तरी हिचं नाव थोरली पडलं ते पडलंच. सतरा वर्षं ती सासूबाईंच्या हाताखाली चेहऱ्याचं तेल बनवत होती. जोजोबाचं तेल, रानगुलाबाच्या बियांचं तेल, वाळल्या फुलांवर महिनाभर मुरवून गाळलेलं तेल, थोडं व्हिटॅमिन ई आणि सगळ्यात शेवटी टी ट्रीचं उग्र वासाचं तेल, हजार ग्रॅमला पाच ग्रॅम. काट्यावरचं सगळं काम तिचं. एका वेळी जेवढं तेल तयार होई त्याला घरात ‘घाणा’ म्हणत, खरा घाणा कुणी जन्मात पाहिलेला नसला तरी. आणि आता एकशे बाराव्या घाण्याने बत्तीस जणांचे चेहरे सोलून काढले होते.

“हे एवढं झालं की संपलं,” नवरा म्हणाला. त्याने वकिलाकडून आणलेला कागद टेबलावर सरकवला. “उद्या अकराला द्यायचं उत्तर. सगळं लिहून दिलंय त्यांनी. फक्त इथे एक नाव घालायचंय. ‘तयार माल तपासून मंजूर करणारी व्यक्ती.’”

“मग घाल की,” नणंद म्हणाली.

“तेच. म्हटलं, हिचंच घालावं.” त्याने थोरलीकडे न बघता हनुवटीने दाखवलं. “वजनं हीच करते. आत हीच असते.”

हे तो इतक्या सहज म्हणाला, की थोरलीला वाटलं, दुधाचा हिशेब हिलाच विचारा, असंच काहीतरी चाललंय. पण त्या ओळीचा अर्थ तिला पक्का ठाऊक होता. ज्याचं नाव त्या ओळीवर, त्याला या धंद्यात पुन्हा कुणी दारात उभं करणार नव्हतं, आणि त्यातून एखादीचा डोळा कायमचा गेला तर पोलीसही त्याच्याच दारात येणार होते. सतरा वर्षांत तिला दुसरं काही करताच आलं नव्हतं.

“वहिनींचं कशाला?” दीर म्हणाला. तो बाटल्यांच्या ऑर्डरी बघत असे आणि वाद पेटला की काडी टाकून बाजूला होत असे. “परवाना ताईच्या सहीवर आहे. तिचं घाल. शिकलेली आहे, बरं दिसेल.”

नणंदेचं स्वतःचं औषधांचं दुकान होतं. तिची तळपायाची आग मस्तकात गेली. “माझं? दीड वर्ष मी घसा फोडून सांगतेय, प्रत्येक घाण्याचा नमुना प्रयोगशाळेत पाठवा. तेव्हा कोण म्हणालं, आईचं नाक यंत्रापेक्षा बरं? दादा, तूच ना?”

“मी एकटा नाही म्हणालो,” दादा म्हणाला.

“सगळेच म्हणालो,” दीर म्हणाला. “बाटलीवर छापलंयसुद्धा.”

टेबलाच्या टोकाला, ताठ पाठीने, हात मांडीवर ठेवून सासूबाई बसल्या होत्या. पंचाहत्तरी उलटली तरी त्यांच्या गालांवर सुरकुती शोधावी लागे, आणि त्यांचा चेहरा हीच आपल्या तेलाची जाहिरात, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं.

नणंदेने पर्समधून एक कागद आणि तपकिरी काचेची छोटी बाटली काढली. “प्रत्येक घाण्यातली एक बाटली मी दुकानात ठेवते. ही एकशे बाराची. हिच्यातलंच तेल मी तपासून आणलं. ऐका. प्रमाण जसंच्या तसं. टी ट्री हजाराला पाच, कणभर इकडेतिकडे नाही. वहिनींच्या वजनात चूक नाही. तेव्हा उगाच गरीब गाय धरायची नाही.”

थोरलीने तिच्याकडे कृतज्ञतेने पाहिलं. ते तिला फार वेळ परवडणार नव्हतं.

“मग झालं काय?” नवऱ्याने विचारलं.

“टी ट्रीच बिघडलेलं होतं. उन्हाळ्यात गार कपाट तीन आठवडे बंद पडलं होतं ना? अर्धी रिकामी बरणी त्यात पडून राहिली. हवा लागली, उष्णता लागली की ते तेल बदलतं. त्याच्यात जे तयार होतं ते कातडीला चावतं. पण त्याचा वास बदलतो. कुणालाही कळेल इतका बदलतो. तेव्हा प्रश्न एकच आहे.” तिने नोंदवही पुढे ओढली. “वास कुणी पास केला?”

वहीत प्रत्येक घाण्याची एक ओळ होती. तारीख, परवाना मिळाल्यापासून नव्याने सुरू केलेला नंबर, वजनं, तापमान आणि शेवटचा रकाना वासाचा. सासूबाई मनगटावर एक थेंब घेत, दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने तो चोळून गरम करत, नाकाशी नेत आणि म्हणत, “हं.” बिघडलेला असला तर काहीच म्हणत नसत, सरळ मोरीत ओतायला सांगत. त्यामुळे वासाच्या रकान्यात तीस वर्षांपासून एकच शब्द होता. हं, हं, हं. पानंच्या पानं. एकशे बारासमोरच्या ‘हं’भोवती अधिकाऱ्यांनी लाल पेनने गोल केला होता.

“वकील काय म्हणाले याच्यावर?”

“वकील आधी हसले,” दीर म्हणाला. “मग म्हणाले, ‘हं’ ही तपासणी आहे असं सांगायला मी काळा कोट घातलेला नाही.”

नणंदेने वही डोळ्यांजवळ नेली. “अक्षर तुमचं आहे, वहिनी.”

“लिहिते मी. म्हणतात आई.”

“तुम्ही बाजूलाच उभ्या होतात ना? तुम्हाला काहीच नाही जाणवलं?”

थोरलीला जाणवलं होतं. गेले बारा दिवस ती दुसरं काही आठवतच नव्हती.

त्या घाण्याच्या आदल्या दिवशी दोन दुकानदार बायका तेल बघायला आल्या होत्या. त्यांच्यातल्या एकीने कौतुकाने विचारलं, आता सूनबाईपण वास घेत असतील ना? सासूबाई म्हणाल्या, “ही नुसती काट्यावरची. नाक घेऊन जन्माला यावं लागतं.” दोघी हसल्या. थोरलीही हसली, कारण तिच्या हातात ट्रे होता आणि दुसरं काय करायचं ते सुचलं नाही. रात्रभर मात्र त्या वाक्याने तिला झोपू दिलं नाही. सकाळी घाणा ढवळला आणि भांड्यातून टर्पेंटाइनसारखा, रंगाऱ्याच्या डब्यासारखा वास वर आला. ती पटकन बोलणार होती, मग थांबली. म्हणाली मनात, घेऊन जन्माला आल्या आहेत ना नाक, मग कळेलच. चेहरा मख्ख ठेवून ती मोठ्या मजेत वाट बघत उभी राहिली. सासूबाईंनी मनगट नाकाशी नेलं, तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “हं.”

ती चक्रावली. तरी तिने लिहिलं. म्हणतात तर म्हणोत, माझं काय जातं, अशा फणकाऱ्याने लिहिलं. दुपारपर्यंत बाटल्या भरून झाल्या आणि मग बोलणं म्हणजे सकाळी का नाही बोललीस याचं उत्तर देणं होतं.

“मी घेतला वास,” सासूबाई अचानक म्हणाल्या. सगळ्यांच्या माना वळल्या. “उत्तम होता. माझ्या हातून तेल गेलं तेव्हा त्यात काही दोष नव्हता.”

खोलीतली हवाच बदलली. नवरा खुर्चीत पुढे सरकला. “म्हणजे इथून निघाला तेव्हा माल चांगला होता. मग बिघडला कुठे? लोकांच्या घरी. उन्हात ठेवायचं, टोपण उघडं टाकायचं आणि वर तक्रार करायची!”

“पार्सलवाल्यांची गोदामं तर भट्ट्या असतात,” दीर म्हणाला.

“ताई, असं होऊ शकतं ना?”

नणंद अडखळली. आपली सही, आपलं दुकान, आईचं नाव, तिघंही तिच्या डोळ्यांसमोरून गेली असावीत. “होऊ शकतं,” ती हळूच म्हणाली. “माझी बाटलीही खिडकीजवळच्या फळीवर होती म्हणा.” आणि तिने प्रयोगशाळेचा कागद घडी करून पर्समध्ये ठेवून दिला.

“मग नावाची भानगडच नको!” नवरा म्हणाला. “आईचं नाव घालू. मंजूर केलं, कारण चांगलं होतं. पुढचं आमच्या हातात नाही.”

दीर चक्क उठला. “बसा ना वहिनी, कधीच्या उभ्या आहात.”

थोरली बसली. खुर्ची दिराच्या अंगाने गरम झालेली होती. तिला सुटल्यासारखं वाटलं, आणि सुटल्यासारखं वाटलं याची लाज वाटली. आता नुसतं गप्प बसायचं होतं, आणि गप्प बसण्यात तिचा हात धरणारं त्या घरात कुणी नव्हतं.

“बाहेर बाटल्या किती आहेत अजून?” तिने विचारलं.

“या घाण्यातल्या? दोनशे चाळीसेक असतील,” दीर म्हणाला.

“त्या परत मागवायच्या ना?”

“परत मागवल्या की चूक कबूल केल्यासारखं होतं,” नवरा म्हणाला. “वकिलांनी बजावलंय.”

“लोक लावतायत त्या. रोज रात्री लावतायत.”

“अगं, ज्यांना त्रास झाला ते थांबले. बाकीच्यांना होत नसेल.”

ती बँकेतली कॅशियर थोरलीच्या डोळ्यांपुढून हलेना. गेल्या सोमवारी ती दारात आली होती, तोंडाला सुती रुमाल बांधून. दार थोरलीनेच उघडलं. बाईने रुमाल सोडला तेव्हा डाव्या डोळ्याची पापणी सुजून मिटलेली होती आणि गालावर सालपटाखाली ओलं, लाल दिसत होतं. ती भांडायला आलीच नव्हती. म्हणाली, “मला सुरुवातीला चुरचुरलं. वाटलं, गुण येतोय. म्हणून दोनदा लावायला लागले. माझं काय चुकलं ते तरी सांगा.” आणि थोरलीने तिला सांगितलं होतं, डॉक्टरांना दाखवा.

“मला वास आला होता,” थोरली म्हणाली.

“काय?”

“त्या दिवशी. घाणा बिघडलेला होता, मला कळलं होतं. टर्पेंटाइनचा वास येत होता. मी बोलले नाही.”

नवऱ्याचं तोंड उघडं राहिलं. नणंदेने हातातली पर्स खाली ठेवली. “बोलला नाहीत म्हणजे? का?”

“आदल्या दिवशी चार लोकांत मला नुसती काट्यावरची म्हणाल्या. राग होता. म्हटलं, त्यांना कळेलच. त्या ‘हं’ म्हणाल्या आणि मी लिहिलं.”

“रागाने?” नणंदेचा आवाज चढला. “लोकांच्या डोळ्यांशी गाठ आहे, वहिनी! आणि मी इथे तुमची बाजू घेत बसले!” मग ती एकदम थांबली. तिच्या कपाळावर आठी पडली. “पण वास तुम्हाला आला. टर्पेंटाइनइतका आला. मग आईला कसा नाही आला?”

नणंदेने तपकिरी बाटली उघडली आणि आईसमोर धरली. बंद खोलीत वास पसरायला वेळ लागला नाही. दिराने नाक मुरडलं, नवरा खोकला. सासूबाईंनी बाटलीकडे पाहिलंच नाही. त्यांनी थोरलीच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

तीच नजर. ही नजर थोरलीने तेलाच्या खोलीत दोन वर्षं पाहिली होती, मनगट नाकाशी नेल्यावर तिच्यावर येऊन थांबणारी. ती नजर आपल्याला तुच्छ लेखते, असंच ती समजत आली होती.

“आई,” नणंद म्हणाली, “कसला वास येतोय सांग.”

सासूबाईंची पाठ पहिल्यांदाच जराशी वाकली. “दोन वर्षांपूर्वी ताप आला होता ना,” त्या म्हणाल्या. “तो गेला, पण वास परत आला नाही. काहीच येत नाही. आधी वाटलं, येईल.”

“दोन वर्षं! मग एवढे घाणे कुणी तपासले?”

“हिने.”

“मी?” थोरली म्हणाली.

“तुझ्या तोंडावर कळतं.” सासूबाई सरळ तिच्याशीच बोलत होत्या, बाकीचे तिथे नसल्यासारख्या. “वास बरा असला की कपाळ सैल पडतं. जरा कमीजास्त असला की डावी नाकपुडी आखडते. तुला माहीतही नसेल. तुझ्या नाकपुडीवरून मी सहा घाणे मोरीत ओतले. सहाच्या सहा वेळा मागे कुठलीतरी बरणी खराब निघाली. माझं नाक चांगलं होतं तेव्हासुद्धा मी इतकी अचूक नव्हते.” त्यांचा आवाज चिरकला. “त्या दिवशी तोंड दगडासारखं का ठेवलंस?”

सतरा वर्षांत थोरलीला या बाईकडून मिळालेलं ते पहिलं कौतुक होतं, आणि ते अशा जागी आलं की तिला हुंदका आवरेना. मान्य न केलेल्या नाकावर सगळं घर दोन वर्षं चाललं होतं. आणि एकच दिवस, एकाच दिवशी, तिने ते नाक अडवून धरलं होतं.

पहिला भानावर आला तो नवरा. “ठीक आहे. म्हणजे मी म्हणत होतो तेच. वास हिने घेतला, हिने चुकवला. हिचंच नाव.” कागद पुन्हा तिच्यापुढे आला. दिराने खिडकीबाहेर पाहायला सुरुवात केली. नणंदेने बाटलीचं टोपण लावलं.

“घालते,” थोरली म्हणाली. “आणि सगळं लिहिते. बाटल्या परत मागवा.”

“सगळं म्हणजे?” सासूबाईंनी विचारलं.

“जे झालं ते.”

“माझ्या नाकाचं नको लिहूस.” आणि मग, सतरा वर्षांत कधी न लावलेल्या सुरात त्या म्हणाल्या, “एवढं ऐक माझं. तू कबूलच आहेस ना? मग तुझं तू लिही. माणसं माझ्या नाकावर विश्वासून तेल घेतात. तीस वर्षांचं आहे ते. माझ्याकडे दुसरं काय उरलंय? एवढं राहू दे.”

थोरलीला म्हातारीची दया आली, खरीखुरी. हो म्हणावं असं अगदी जिभेवर आलं. तिचं नाव तर जाणारच होतं; मग निदान दुसरीचं तरी राहील.

“मागच्या वर्षी माझे वडील आजारी होते,” ती म्हणाली, “तेव्हा मी दहा दिवस इथे नव्हते. त्या दहा दिवसांत दोन घाणे झाले. ते कुणाच्या तोंडाकडे बघून पास केलेत, आई?”

नणंदेने खसकन वही उलटी चाळली. सत्त्याण्णव. अठ्ठ्याण्णव. दोन्हींसमोर सासूबाईंचं स्वतःचं थरथरतं अक्षर. हं. हं.

“आई?” नणंद म्हणाली.

“चांगलेच असतील,” सासूबाई पुटपुटल्या. “बहुतेक चांगलेच असतात.”

“बहुतेक!” नणंद मटकन खाली बसली. “मागच्या वर्षीच्या पिवळ्या डागांच्या त्या तक्रारी... आम्ही त्या बायकांना म्हणालो, तुमची कातडीच नाजूक.”

थोरलीने पेन घेतलं. मोकळ्या ओळीवर स्वतःचं नाव लिहिलं, मग ओळ पुरेना म्हणून कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर सावकाश लिहीत गेली. गार कपाट, बरणी, तो वास, तिचा राग, सासूबाईंचा ताप, सत्त्याण्णव आणि अठ्ठ्याण्णव. नवरा दोनदा म्हणाला, थांब, वकिलांना विचारू. तिसऱ्यांदा त्याने कागद ओढायला हात घातला, तेव्हा नणंदेने त्याचं मनगट धरलं आणि सोडलं नाही. लिहून झाल्यावर थोरलीने कागद सासूबाईंसमोर ठेवला, सहीसाठी. त्यांनी अक्षरं वाचल्यासारखं केलं, सही केली आणि भिंतीला धरून वर निघून गेल्या. त्यांना आधार द्यायला थोरली उठली, तर त्यांनी हात झिडकारला.

परवाना गेला, तेलाची खोली पुन्हा उघडली नाही. साडेतीनशे बाटल्या परत आल्या, त्यांतल्या कितीतरी निम्म्या रिकाम्या. सासूबाई पुढे नऊ वर्षं जगल्या. त्या थोरलीच्या हातचं जेवल्या, तिच्या हातून औषधं घेतली, शेवटी शेवटी तर न्हाणीपर्यंतही तिचाच खांदा धरून जात. पण तिच्या चेहऱ्याकडे त्यांनी पुन्हा कधी पाहिलं नाही.